आबांच्या हातची सुपारी

खुनाच्या गोष्टी लिहिण्यात माझी हयात चाललीय, पण खराखुरा घाबरलो एकदाच. तोही भरदुपारी, श्रीवर्धनला, माझ्याच ओटीवर.

महिन्याभरापूर्वी मासिकात माझी नवी गोष्ट आली होती. तीत एक बागाईतदार सुपारीतून विष देऊन शेजाऱ्याला मारतो. आणि माझे शेजारी आबा सुपारीचे बागाईतदार! ते पानाचा डबा घेऊन आले, अडकित्त्यानं सुपारी कातरली नि माझ्या हातावर ठेवली. नाही कसं म्हणणार? चघळली.

"गोष्ट वाचली तुझी," आबा म्हणाले.

माझा घसा आवळला. कान तापले, दरदरून घाम फुटला.

"त्यातला शेजारी किती वेळात मरतो रे?"

"पाच मिनिटांत. आबा, काय घातलंत यात?"

आबांनी अडकित्ता मिटून डब्यात ठेवला. बायकोला हाक मारायला गेलो, तर आवाजच फुटेना.

मग त्यांनी डब्यातून गुळाचा खडा काढून माझ्या तोंडात कोंबला.

"काही घातलं नाही. लागणारी, घसा धरणारी सुपारी तेवढी निवडून आणली. सुपारीच्या गावात जन्मलास, तरी सुपारी लागली हे तुला कळलं नाही. मग तुझी गोष्ट वाचून महिनाभर माझ्या हातचं पान न घेणाऱ्या गावाला मी काय सांगू?"