परदेशात एकही नाही, साहेब!

विश्वास ठेवायचा तरी कुणावर हो, सांगा बरं? स्वतःच्या तोंडावर? छे! माझ्या तोंडानंच तर घोळ घातला... तुम्हाला सांगतो, पडद्यांचं दुकान माझं, शाळा अर्धवट, पण गिऱ्हाईक कुठल्या कापडावर हात फिरवतं त्यावरून त्याचं घर ओळखतो मी, आणि माझ्याच घराबद्दलच्या साध्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही!

झालं काय, लेकीला सरकारात नोकरी लागत होती, गुप्त कागदपत्रांच्या विभागात. तिथं म्हणे आधी तुमची पाळंमुळं खणतात... परदेशात कोण, किती जवळचं, बोलणं किती! तर तपासणीचे साहेब दुकानात आले. चहा नको, पाणी नको! उन्हं कलली होती, पडद्यांतून झिरपून निळी-केशरी होऊन जमिनीवर सांडत होती, बसल्या जागी तरंगायला व्हावं अशी वेळ... "परदेशात नातेवाईक?" मी छातीवर हात ठेवून, "एकही नाही, साहेब!"

तेवढ्यात फोन वाजला. रोजच वाजतो, गल्ल्याशेजारी स्पीकरवर. "दादा, तो मोतिया तागा गेला का रे? आणि पंखा किती खडखडतोय, तेल घाल की!"

साहेब दचकले. "ह्या कोण?"

"धाकटी बहीण."

"असतात कुठं?"

"इथंच की! रोज येते दुकानात."

साहेबांनी ताग्यांमागं डोकावून पाहिलं हो! आणि फोनमधून धाकटी, "मी परदेशात असते साहेब, लग्न झाल्यापासून. नागरिकत्वही इकडचंच घेतलंय, नवरा इकडच्या सरकारी कचेरीत. का, दादा बोलला नाही?"

आता तुम्हीच सांगा, परदेश नेमका सुरू कुठून होतो? तिकडं उजाडतं, ती कपात चहा ओतते, तो आवाज माझ्या गल्ल्यावर येतो, माझ्या कात्रीचा आवाज तिच्या स्वयंपाकघरात जातो, गिऱ्हाइकं तिला विचारून रंग ठरवतात... हिला परदेशात कसं धरायचं?

साहेब म्हणाले, "नातं असलं म्हणून कुणी लगेच अडवत नाही. दडवलं, की शंका येते."

संध्याकाळी लेक कडाडली, "बाबा! मी अर्जात पहिलं नाव आत्याचंच लिहिलंय, रोज बोलतो म्हणून! आता दोघांत खोटं कोण, ते शोधतायत!" नेमणूक लटकली. धाकटीला कळलं तर म्हणते, "दादा, मी फोन बंद करते. पोरीचं होऊ दे." आणि केला हो बंद! दुकान असं गप्प झालं की पडदा हलला तरी वाटायचं, आली... परदेश नेमका सुरू कुठून होतो, ते तेव्हा कळलं!

गेलो साहेबांकडे. म्हटलं, "लिहा. बहीण आहे, परदेशात आहे, तिच्यावर जीव आहे, आणि रोज बोलणार."

साहेब हसले. "हेच पहिल्या दिवशी सांगायचं ना!"

झालं, चौकशी पुन्हा पहिल्यापासून झाली, पण लेक रुजू झाली, धाकटीही गल्ल्यावर परतली. लेक काय काम करते? मला काय ठाऊक! विचारलं की म्हणते, "बाबा, तुम्हाला सांगितलं की आत्याला कळणार, आणि आत्याला कळलं की पडदे घ्यायला आलेल्या सगळ्यांना!"

तेव्हा मंडळी, एवढं करा, आपल्या माणसांचा हिशेब खरा ठेवा. लांब आहे ते लांबच लिहा... जीव कितीही नाही म्हणाला तरी!