मागची सीट

लायसन्सच्या कचेरीत नंबर यायला वेळ होता. चेरीताल मोहल्ल्यातल्या सुनेत्राबाई शिकाऊ लायसन्सचा फॉर्म हातात धरून बाकावर बसल्या होत्या. मागच्या बाकावरून मराठी कानावर आलं, तसे जबलपूरच्या त्या हिंदी गलबल्यात त्यांचे कान तिकडेच लागले.

"अरे देवीदास! तू तर रियाधले होता ना? सुट्टीवर आला काय?"

"नाही दयारामभाऊ, कायमचा आलो."

"काहून? चौदा वर्षं एकाच घरची गाडी चालवून राहिला होता."

"तिकडं कायदे बदलले, भाऊ. बाहेरच्या कंपन्या पैसा लावून राहिल्या, बायांले नोकऱ्या भेटून राहिल्या, गाडी चालवाची परवानगीही भेटली. मालकाच्या पोरीले अशाच एका परदेशी कंपनीत नोकरी लागली. म्हणे, चाचा, मले गाडी शिकवा."

"अन् तू शिकवली?"

"शिकवली."

"अबे, आपल्याच हातानं आपल्या पोटावर पाय? समजत नव्हतं काय तुले?"

"समजत होतं. पण ते पोरगी चौथीत होती तेव्हापासून मीच शाळेत सोडलं तिले. दुसऱ्याजवळ कशी शिकू देऊ?"

"चलो, ठीक. अन् निघताना? टॅक्सी तरी करून दिली?"

"नाही जी, विमानतळावर तिनंच सोडलं. म्हणे, चाचा, आज तुम्ही मागं बसा."

"मग?"

खिडकीवर सुनेत्राबाईंचं नाव पुकारलं गेलं. गोष्ट पुरी ऐकल्याशिवाय त्या काही उठेनात.

"बसलो. गाडी एकदम बढिया चालवते पोरगी. पण भाऊ, विमानतळ येईपर्यंत मागं बसल्या बसल्या माझा पाय ब्रेकच शोधून राहिला होता."