पार्किंगमधलं तळं

अमेरिकेच्या थंड उत्तरेकडल्या बेमिडजी गावातल्या दुकानात गळाला लावायचे जिवंत मासे घ्यायला रांग होती. माझ्या पुढे दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

“काय गं मार्लिस, बर्फाची जाडी सांगणारं तुझं अ‍ॅप अ‍ॅप स्टोअरच्या तपासणाऱ्यांनी परत नाकारलं?”

“चौथ्यांदा! म्हणे, नकाशा कोराच दिसतो.”

“मग चूक कुठे होती?”

“चूक कसली, ग्रेटा! अ‍ॅप दाखवतं फोनच्या आसपासची गोठलेली तळी. तो तपासणारा बसलाय कॅलिफोर्नियात, भर उन्हात. त्याला काय दिसणार, माझं डोकं?”

“कळवायचंस ना त्याला.”

“कळवलं की! दरवेळी तेच छापील उत्तर. इकडे उद्यापासून अख्खं गाव मासे पकडायला बर्फावर उतरणार, आणि गेल्या वर्षी बर्फ फुटून माझा भाऊ कसा पाण्यात गेला ते तू पाहिलंयस.”

“मग केलंस काय?”

“काल अ‍ॅपच्या नकाशावर त्याच्याच ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक खोटं तळं दाखवलं. बर्फ चांगला चौदा इंच जाड!”

“आणि?”

“तासाभरात मंजूर! बघ, तुझ्या फोनवरसुद्धा मिळेल आता.”

“कमाल आहेस बाई! मग ते तळं पुसलंस ना?”

“पुसणारच होते गं. पण सकाळी बघते तर अ‍ॅपवर त्याच तळ्यात कुणीतरी मासा पकडल्याची नोंद केलीय!”