खाकरल्याशिवाय गाडी लागत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे आधारस्तंभ, आदरणीय बाजीराव तात्या; व्यासपीठावर बसलेले आणि बसल्यापासून माझ्या गळ्याकडंच बघत असलेले डॉक्टरसाहेब; आजच्या सत्कारमूर्ती ज्योत्स्ना मखरे मॅडम आणि त्यांचे वडील बुद्धघोष गुरुजी; मंडप, माइक आणि मी, या तिघांचा भार ज्यांनी उचलला ते फिरोजभाई; आणि समोर बसलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो, प्रवाशांनो...

प्रवासी म्हणालो, माफ करा. बावीस वर्षांची जीभ आहे. आपल्या कवठीफाटा स्टँडच्या कंट्रोल केबिनमध्ये बसून मी गाड्या पुकारतो, हे आपण जाणताच. म्हणजे आवाज जाणता. चेहरा फारसा कुणी पाहिलेला नाही. मघाशी दारात एका गृहस्थांनी मला 'चहा किती वेळानं हाय?' असं विचारलं. मी 'दहा मिनिटांत' म्हणालो, तसे ते दचकून म्हणाले, 'आरं, तुमी जोतीआबा व्हय!' तर अशी माझी ओळख. जोतीराम घोगरे. आडनाव घोगरे आणि आवाज खणखणीत, ही आमच्या घराण्यातली एकमेव विसंगती होती. गेल्या ऑगस्टात तीही मिटली. आवाज आडनावाला जागला.

डॉक्टरसाहेबांनी घशात आरसा घातला आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे. साधी आहे, भिऊ नका, पण काढावी लागेल. आठ दिवसांनी ऑपरेशन. तोवर दिवसाला पंधरा मिनिटं बोला, तेही हळू. ऑपरेशननंतर महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, पुढं सहा महिने ओरडायचं नाही, आणि खाकरणं तर जन्मात नाही. खाकरण्यानं म्हणे गळ्याचा सत्यानाश होतो. आमच्या मंडळींनी, म्हणजे भामाबाईंनी, हे ऐकून पहिल्यांदा देवाला हात जोडले आणि मग डोळे पुसले. क्रम लक्षात ठेवा.

मला काळजी वेगळीच होती. डेपोच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं, 'घोगरे, माइकवर बोलणारा माणूस पायजे. बोलता येत न्हाय तर तुमची बदली भांडारात.' भांडार कुठं, तर तिकडं चार तासांवर. तिथं टायर मोजायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मंडळी, मला सांगा, ज्या माणसाला लोक फक्त आवाजानं ओळखतात, त्याला टायरांत नेऊन ठेवलं तर तो कोण उरतो? मी त्या दिवशी केबिनमध्ये बसून रडलो. सांगायला लाज वाटत नाही. माइक मात्र बंद केला होता.

पहिला धावून आला फिरोजभाई. लग्नं, उरूस, प्रचारसभा, सगळीकडं याचेच कर्णे. म्हणाला, 'आबा, टेन्शन कशाला? कॅसेट भरू.' पहिल्या दिवसाची पंधरा मिनिटं आम्ही कॅसेटवर खर्च केली. बारामती, इंदापूर, माळेगाव, निरवांगी, सगळी एक्केचाळीस गावं मी ओळीनं पुकारली. दुसऱ्या दिवशी म्हस्कू शिपायानं ती वाजवून बघितली. निरवांगीची गाडी लागली की कॅसेट मागं घ्यायची, पुढं न्यायची, आणि निरवांगी सापडेपर्यंत गाडी निरवांगीत पोचलेली!

हा तमाशा स्टँडसमोरच्या कापड दुकानाच्या माडीवरून एक मुलगी बघत होती. तिचा तिथं कॉम्प्युटर क्लास होता. खरं म्हणजे तिचं आणि माझं जुनं भांडण. वर्षापूर्वी ती केबिनच्या खिडकीशी येऊन म्हणाली होती, 'काका, एक विनंती आहे. तुम्ही गाडी पुकारायच्या आधी ते खाकरता ना, ते ऐकलं की माझा अर्धा वर्ग उठून पळतो. माझा धडा अर्धा राहतो.' मी तिला उत्तर दिलं होतं, 'पोरी, घसा माझाय.' हे खाकरणं विसरू नका. पुढं लागणार आहे.

तर ज्योत्स्ना मॅडम खाली आल्या आणि म्हणाल्या, 'काका, कॅसेटनं होणार नाही. गावांचे तुकडे करायचे, फलाटांचे तुकडे करायचे, आणि एक बटण दाबलं की जोडून वाजवायचे. तुम्ही फक्त बटण दाबायचं. खुर्ची तुमचीच.'

खुर्ची तुमचीच! माझ्या आयुष्यात एवढं गोड वाक्य कुणी बोललं नव्हतं. भामाबाई, तुम्ही धरून.

पण मॅडमच्या कॉम्प्युटरच्या पोटात जे आवाजाचं कार्ड होतं, त्यातून माझ्याबरोबर पंख्याची घरघरही यायची. पुन्हा फिरोजभाई. त्यांचे बंधू गुलजारभाई शारजात असतात. त्यांनी सुटीवर येताना एक डबी आणली होती, तंबाखूच्या डबीपेक्षा थोडी मोठी. एका बाजूला माइक लावायचा, दुसऱ्या बाजूची वायर कॉम्प्युटरच्या मागच्या चपट्या भोकात. यूएसबी म्हणतात त्याला. ती भोकं कशासाठी, हे कॉम्प्युटर विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मॅडम म्हणाल्या, आवाज कॉम्प्युटरच्या पोटाबाहेरच भरायचा, म्हणजे घरघर नाही.

आता गंमत अशी, की त्यांच्या जुन्या विंडोजला ती डबी ओळखेना. मग मॅडमनी लिनक्स काढलं. एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी. मी म्हणालो, फुकटचं आहे, टिकेल का? त्या म्हणाल्या, 'टिकेल, पण डबी चालायला नवा कर्नल बांधावा लागेल.' मी गांगरलोच. कर्नल? लष्करातला? आणि बांधायचा कशाला, त्यानं काय केलं? पुढं कळलं की कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, तो आपल्या गरजेप्रमाणं तयार करून घ्यायचा असतो. हा कर्नल तयार व्हायला अडीच तास घ्यायचा. आणि आपल्याकडं सलग अडीच तास वीज? दोनदा कर्नल अर्ध्यातच पडला. तिसऱ्यांदा फिरोजभाईंनी ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या आणून जोडल्या, तेव्हा कुठं कर्नलसाहेब उभे राहिले.

त्याच रात्री डबीचा दिवा लागला. लिनक्सनं डबी ओळखली. आम्ही पेढे खाल्ले. मी माइकसमोर बसलो आणि पंधरा मिनिटं पुकारलं. मॅडमनी वाजवून बघितलं, तर काही नाही. सगळं सामसूम. पुढच्या दिवशी वायर बदलली, पंधरा मिनिटं पुकारलं. सामसूम. त्याच्या पुढच्या दिवशी माइक बदलला. सामसूम. मंडळी, शेतकरी बी पेरतो तसा मी माझा मोजका आवाज त्या डबीत पेरत होतो आणि उगवत काही नव्हतं. आठातले चार दिवस गेले. मॅडमचे डोळे लाल झाले होते. म्हणाल्या, 'काका, तुमचा आवाज मी वाया घालवतेय.'

पाचव्या दिवशी फिरोजभाई बॅटऱ्या न्यायला आले. पडद्यावर आवाजाचे उभे दांडे दिसत होते, तिकडं बघून म्हणाले, 'मॅडम, हे समदे दांडे तळाला का बसल्यात? आमच्याकडं दांडे असे दिसले, की समजायचं ऑपरेटर जेवायला गेलाय.'

मॅडमनी पडद्याजवळ खुर्ची ओढली. लिनक्सचा तसला स्वभाव, सगळं चालू करतं पण आवाज मात्र शून्यावर ठेवतं. आपण सांगितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. प्रत्येक दांड्याखाली म्यूट लिहिलेलं. मॅडम आनंदानं ओरडल्या, 'काका, हे सगळे मुके आहेत! थांबा, एकेक मुका काढते!' आणि नेमक्या त्याच वेळी भामाबाई डबा घेऊन जिना चढत होत्या. पुढचं मी सांगत नाही. मला तेव्हा बोलायला फक्त पंधरा मिनिटं होती, आणि ती सगळी खुलासा करण्यात गेली असती.

त्या दिवसापासून तीन दिवस आवाज भरला. आठव्या दिवशी ऑपरेशन. डॉक्टरसाहेबांच्या हाताला यश आहे, त्यांना मी जाहीर नमस्कार करतो. पंधरवड्यानं गळ्यात पाटी अडकवून केबिनमध्ये आलो. क्लासचा जुना कॉम्प्युटर टेबलावर. डेपोचे साहेब म्हणाले, 'आठवडाभर बघू. प्रवासी चुकाय लागले तर भांडार.'

सकाळी अकराची निरवांगी. मी बटण दाबलं. माझा आवाज आला, काय सांगू, इतका स्वच्छ की मलाच नमस्कार करावासा वाटला. 'निरवांगीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे. जागा हाय, सावकाश चढा.' मी खिडकीतून बघतो, तर फलाटावर कुणी हलेना. शेंगा सोलणारे शेंगा सोलतायत. पुन्हा दाबलं. कुणी हलेना. गाडी तीन माणसं घेऊन गेली. मागाहून निरवांगीच्या भागूबाई खिडकीशी आल्या आणि माझ्यावरच चिडल्या.

'गाडी गेली व्हय? आन् सांगितलं का न्हाय?'

मी पाटीवर लिहिलं, सांगितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हस्कूनं वाचून दाखवलं.

'ते? ते रेडिओ लागलाय म्हणून आमी बसलो. जोतीबा खाकारला न्हाय, मंग गाडी कशी लागंल?'

मंडळी, बावीस वर्षं मी समजत होतो, लोक माझा आवाज ऐकून उठतात. लोक माझं खाकरणं ऐकून उठत होते! आणि मॅडमनी ते खाकरणं, जुन्या भांडणाचा राग म्हणा, कामातली सफाई म्हणा, प्रत्येक तुकड्यातून वेचून काढलं होतं. मॅडम म्हणाल्या, हात्तिच्या, परत जोडते. शोधायला गेल्या, तर त्यांनी ते कायमचे पुसलेले. लिनक्सला पूस म्हटलं की ते पुसतं. खात्री आहे का, असं विचारत बसत नाही. आणि मला तर खाकरायला जन्माची बंदी. दुपारी साहेबांचा फोन, दोन दिवस देतो. मी पाटीवर लिहिलं, टायर किती असतील? मॅडमनी ती पाटी पुसली आणि फिरोजभाईंना बोलावलं.

'फिरोजभाई, ती पहिली कॅसेट?'

फिरोजभाईंनी कपाळाला हात लावला. 'मॅडम, त्यावर माझ्या पुतणीच्या, नौशीनच्या लग्नाचं रेकॉर्डिंग भरलंय.' तरी कॅसेट आणली. लावली. आणि बघा, लग्नाचं रेकॉर्डिंग सुरू करताना यांच्या हातून बटण दोन सेकंद उशिरा दाबलं गेलं होतं. सुरुवातीला माझी फुंकर, फू फू, आणि एक खाकरणं शिल्लक! लगेच पाठोपाठ सनई. मी पाटीवर लिहिलं, नौशीनला सुखी संसार लाभो.

कॅसेटचं तोंड डबीला जोडलं. दांडे वर आहेत का, हे या वेळी तिघांनी बघितलं. ते एकच खाकरणं मॅडमनी एक्केचाळीस गावांपुढं लावलं. ज्या खाकरण्यानं तिचा वर्ग मोडायचा, तेच ती हेडफोन लावून तासभर घासूनपुसून घेत होती. मी शेजारी बसून बघत होतो. पोरी, मला मुलगी नाही. त्या तासात झाली, असं मी समजतो.

दुसऱ्या दिवशी अकराची निरवांगी. बटण दाबलं. फू फू, आणि खाकरणं. अख्खा फलाट उठून उभा राहिला! समोरच्या माडीवर मॅडमचा अर्धा वर्गही उठला. आणि मॅडम खिडकीत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. भागूबाई चढता चढता म्हणाल्या, 'आज बरं वाटतंय व्हय जोतीबाला?' बदलीचा कागद नंतर कधी आला नाही.

मॅडमना आता पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली आहे. मुलाखतीत विचारलं, आजवर काय बनवलंत? हिनं माझं खाकरणं वाजवून दाखवलं. लोक हसले म्हणे, आणि मग तासभर विचारत राहिले, कसं केलं. चार दिवसांनी दोन हजार साल लागेल आणि जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडतील, असं म्हस्कू म्हणतो. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, 'काका, आपला पडणार नाही.' 'आपला' म्हणाल्या. त्या शब्दावर मी निवृत्तीपर्यंतचे दिवस काढीन.

गुरुजी, लेक चांगली घडवलीत. फिरोजभाई, तुमचे उपकार बॅटरीसकट लक्षात आहेत. तात्यांनी मला पाच मिनिटं दिली होती. बावीस वर्षं इतरांच्या उशिराची घोषणा केली, आज माझी गाडी उशिरा, एवढं पोटात घाला. बोलण्यात काही चुकलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर लिनक्ससारखं पुसून टाका. खात्री आहे का म्हणून विचारू नका.

आता शेवटची घोषणा. ही कॉम्प्युटरवर नाही. डॉक्टरसाहेब, आपण कृपया क्षणभर खिडकीबाहेर बघावं. जन्मात नाही म्हणालात, पण एकदा.

फू. फू. अहं... अहं!

बघा, सगळे उठलात. बसू नका, तसेच उभे राहा. ज्योत्स्ना मखरे यांची पुण्याला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. पोरी, जागा हाय. सावकाश चढ.