कासवाचं घर आणि कपाटाची किल्ली

...आणि वर जाऊ मलाच विचारते, "ताई, तुमच्या शाळेत नाही का हो देत?" नाही देत, बाई. तुम्हाला सांगते, आम्ही पोटाला चिमटा काढून लेकीला फीच्या शाळेत घातली, गणवेश शिवला, बूट घेतले, आणि संगणक कुणाला मिळाला? धाकट्या जाऊबाईंच्या चिरंजीवांना. फुकटच्या शाळेत, फुकट. गरिबांच्या मुलांसाठी स्वस्तातले संगणक म्हणे. मग आम्ही काय महालात राहतो? भिंत एक, पलीकडे ती, अलीकडे मी, नळ दोघींत एक. पण फी भरली ना, झालो आम्ही श्रीमंत. मी जळत नाही हं, नुसतं सांगते.

बरं, दिसायला तरी काय... हिरवागार, डब्याएवढा, धरायला मूठ, बटणं रबरी आणि इतकी बारीक की मोठ्या माणसानं बोट ठेवलं तर तीन अक्षरं एकदम उमटतात. मला कसं ठाऊक? ऐका तर. पोरगा आठ वर्षांचा, नाक पुसायची अक्कल नाही, आणि पडद्यावरच्या कासवाला हुकूम सोडतो. दहा पावलं पुढे, उजवीकडे वळ, पुन्हा दहा. कासव चालतं, मागे रेघ उमटते, झाला चौकोन. माझी लेक दारातून बघते. आतडं तुटतं हो. उद्या हा साहेब होणार आणि ही त्याच्या दारातच उभी राहणार?

त्यात त्यांच्या शाळेला सुट्टी लागली, आमच्या शाळेला नाही. सुट्टीसुद्धा त्यांनाच. मी जळत नाही हं. जाऊबाई माहेरी निघाल्या. "ताई, हा तुमच्या कपाटात ठेवता? प्रवासात हरवला तर शाळा खाऊन टाकेल मला." म्हटलं, "ठेव की, आपण काय परक्या आहोत?"

ठेवला. कपाटात नाही, एवढंच. लेकीसाठीच हो... तिला शिकवायचं तर आधी आपल्याला यायला नको?

बारा दिवसांनी स्वारी परतली. सोमवारी शाळा उघडली. म्हटलं, "कपाटाची किल्लीच सापडत नाही बघ." मंगळवारीही सापडली नाही. बुधवारी ती म्हणते, "ताई, किल्लीवाल्याला बोलावू का?" आणि त्याच दुपारी पडदा काळा, मधोमध कुलपाचं चित्र. काही केल्या हलेना. माझ्या तोंडचं पाणी पळालं. किल्ली मात्र लगेच सापडली.

गुरुवारी शाळेत पुढे पुतण्या, मागे जाऊ, तिच्या आडोशाला मी. बाई हसल्या. "पंधरा दिवस शाळेत आला नाही की तो आपोआप बंद होतो. चोराच्या उपयोगी पडू नये म्हणून." चोराच्या... सहज म्हणाल्या हो त्या. दोन मिनिटांत कुलूप काढलं आणि म्हणाल्या, "यात रोजनिशी असते. काय काय केलं ते सगळं आपोआप नोंदलं जातं. बघू, सुट्टीत किती अभ्यास झाला." आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. दुपारी बारा ते साडेतीन, चित्र: घर. दुपारी बारा ते चार, घर, कुंपण. दुपारी बारा ते पावणेपाच, घर, कुंपण, विहीर. संध्याकाळी सहा ते सहा दहा, एक फूल, अर्धवट.

"बाई, मी तर मामाकडे होतो," पुतण्या म्हणाला.

"अगं बाई, ताई, तुमची लेक भलतीच हुशार," जाऊ म्हणाली. तिच्या तोंडात साखर पडो, सुटले होते मी. तेवढ्यात ते कार्टं, "पण काकू, ती तर दुपारी शाळेत असते ना?"

खरंय. तिचं ते फूल. दहा मिनिटं. मग म्हणाली, "आई, मी खेळायला जाऊ?"

बाई पडद्यावरच्या विहिरीकडे बघत होत्या. "इतका छान गोल? आमच्या वर्गात अजून कुणाला जमला नाही." आता गप्प बसावं की नाही माणसानं? मी म्हटलं, "सोपं आहे. एक पाऊल पुढे, किंचित वळायचं, असं तीनशे साठ वेळा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जाऊ तर डोळे विस्फारून. आता लाज गेलीच आहे म्हटल्यावर मी हळूच विचारलं, "बाई, मोठ्यांना नाही का हो देत?"

"नाही हो. वयाची अट आहे, सहा ते बारा."

बरोबर आहे. हेव्याला तेवढी अट नाही.