कल्हईची दहा मिनिटं

अमरावतीच्या विज्ञान परिषदेत नव्या संशोधकांच्या वाट्याला पोस्टर लावायला भिंतीवरची हातभर जागा होती, व्यासपीठ मोठ्यांचं. परतीच्या अकोला बसच्या रांगेत माझ्यापुढे त्या नव्यांतलीच लुबना आणि तिचे अब्बा, पातूरचे कल्हईवाले अब्दुल गफ्फार.

"मंग तू बोलली कशी?"

"माह्या गाइड चंदा मॅडमनं आपल्या विसातले दहा मिनटं मले देले, अब्बा."

"अन् त्यायचं?"

"अर्धंच राहिलं. मले एकानं विचारलं, हाडात बसवलेल्या धातूवरचा लेप सुटते कावून?"

"भांडं नीट घासलं नसंन."

"थेच सांगतलं! म्हटलं, माहे अब्बा कल्हईच्या आधी रेतीनं घासतेत, तसा धातू घासा, मंगच लेप धरते. सारे लिहून घेऊन राहिले होते, मंग टाळ्याबी वाजवल्या."

"माहं नाव घेतलं? एवढ्या लोकायत?"

"घेतलं."

"मॅडमले म्हण, भांडे आणा, सारे चमकवून देतो."

"त्यायच्या घरी सारं स्टील हाय."

"आपल्या गावातबी तेच. कपाशी बुडाली अन् तांबं मोडीत गेलं. आज एक गिऱ्हाईक येणार होतं, थे तुह्यापायी सोडलं."

"मले मालूम हाय, अब्बा."

"म्हणजे बोलणं मॅडमचं गेलं, गिऱ्हाईक माहं गेलं, अन् टाळ्या तुले?"

"हो."

"सौदा चांगला झाला. चढ, बस लागली."