ताईच्या परीक्षेतला पेशंट

"मॅडम, माणूस नीट उचलता येतो का नाही, हे कागदावर कसं कळते?" हे मी नव्या मॅडमला भर वर्गात विचारलं होतं.

माझी ताई मलकापुरात पोरींना पेशंट सांभाळायला शिकवायची. पेशंटला न दुखवता खाटेवरून खुर्चीत बसवलं तरच ती पास करायची, आणि पेशंट दरवेळी मी. "शाळेत नाही गेला, इथं तरी कामाले ये," म्हणायची. ताई मागच्या महिन्यात वारली. नव्या मॅडमने नुसता लेखी पेपर ठेवला. ताईच्या वर्गातली सविता घरी येऊन म्हणाली, "भाऊ, पेपर तं लिहू, पन उद्या दवाखान्यात कोनाची आजी पडली आमच्या हातून, मंग?"

म्हणून मी वर्गात घुसलो होतो. तो प्रश्न विचारून मी सरळ खाटेवर आडवा झालो. सविताने मानेखाली हात घातला, अगदी ताईसारखा, आणि मला रडू फुटलं.

ती घाबरली. "दुखलं का भाऊ? नापास झाली का मी?"

"नाही वं, पास हायेस. दुसरीले बोलाव."

सगळ्या पोरींचं होईस्तोवर मी खाटेवर पडत राहिलो.